घरच्या गॅरेजमध्ये कार लिफ्ट: निवड, बसवणी आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिफ्ट घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी टनांचा आकडा बघतात. हा क्रम उलटा हवा. जमीन पहिली, मग छत, मग गाडी, आणि मशीनचं नाव सगळ्यात शेवटी. खालचे प्रश्न साधारण त्याच क्रमाने लावले आहेत.

माझ्या गॅरेजची जमीन लिफ्ट पेलेल का?

टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांच्या लिफ्टसाठी बहुतेक उत्पादक किमान १०० मि.मी. जाडीचं आणि २१ मेगापास्कल, म्हणजे ३००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागतात. काही मॉडेलची अट याहून कडक असते, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवा आणि अट तिथेच वाचा. आमच्या मते १५० मि.मी. मिळत असेल तर निर्धास्त काम होतं. १०० म्हणजे अगदी काठावर.

गाडीचं वजन तर आपण रोज चालवतो, मग एवढी अट कशाला, असं विचारलं जातं. फरक असा की टू-पोस्टमध्ये गाडी खांबाच्या आतल्या बाजूला आर्मवर (खांबातून निघणाऱ्या आडव्या हातांवर) तोललेली असते. त्यामुळे खांब आत कलंडू बघतो आणि बाहेरच्या बाजूचे अँकर बोल्ट (खांब जमिनीला धरणारे) वर उपसले जातात. काँक्रीटवर दाब येतोच, शिवाय ओढही येते, आणि काँक्रीट ओढीला कच्चं असतं.

जाडी मोजताना फक्त मूळ स्लॅब धरायचा. वर घातलेला कोबा, लेव्हलिंगचा थर किंवा फरशी त्यात येत नाही. फरशीवरून अँकर मारला तर घट्ट करताना ती तडकते, बोल्ट ढिला पडतो आणि वरून काही दिसतही नाही. बेसप्लेटखालची फरशी काढायलाच हवी. पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांवर टू-पोस्ट बसवायची नाही. खाली तळघर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतील (पोस्ट-टेन्शन स्लॅब) किंवा जमीन तापवायच्या नळ्या असतील, तर ड्रिल लावण्याआधी स्कॅन करून घ्या. ताणलेली केबल तुटली तर स्लॅब फुटून माणूस जखमी होऊ शकतो.

स्लॅबची जाडी आणि ताकद घरच्या घरी कशी तपासायची?

जाडीसाठी १०–१२ मि.मी.च्या बिटने आरपार भोक पाडा. जाड तारेचं टोक काटकोनात वाकवून आत सोडा, स्लॅबच्या खालच्या कडेला अडकवा आणि वर खूण करून मोजा. दोन्ही खांबांच्या जागी वेगवेगळं मोजा. स्लॅब सगळीकडे सारखा नसतो. कडेला १५० आणि मध्ये ८० मि.मी. असंही सापडतं. ही भोकं बेसप्लेटच्या कडेपासून निदान १५० मि.मी. लांब घ्या आणि नंतर इपॉक्सीने भरून टाका.

ताकदीचा अंदाज रिबाउंड हॅमरने (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) येतो, खात्रीचा आकडा मात्र कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना काढून प्रयोगशाळेत दाबल्यावरच कळतो. ड्रिल करताना बिट लोण्यात गेल्यासारखं आत जात असेल तर तो स्लॅब वापरू नका.

केसाएवढी आकुंचनाची भेग चालते, पण अँकर तिच्यापासून, जोडापासून आणि स्लॅबच्या कडेपासून किमान १५० मि.मी. दूर हवा. भेगेच्या दोन बाजूंची पातळी वेगळी झाली असेल तर खालची माती बसली आहे. ती जागा सोडा किंवा नवं काँक्रीट घाला.

स्लॅब कमी पडला तर?

जुन्या स्लॅबवर दोन-तीन इंचांचा थर ओतणं हा उपाय नाही. तो थर वेगळाच राहतो आणि अँकरसकट उचलला जातो. खांबाच्या जागी स्लॅब कापून निदान १.२ × १.२ मीटरचा आणि ३०० मि.मी. खोलीचा काँक्रीटचा पॅड घालायचा. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही खांबांना जोडणारी एकच पट्टी. तळ धुमसून घट्ट करा, सळ्यांची जाळी टाका, जुन्या स्लॅबच्या कडेत भोकं पाडून सळ्या इपॉक्सीने बसवा आणि एम-२५ दर्जाचं काँक्रीट भरा. जाळी बांधतानाच बेसप्लेटचा पुठ्ठ्याचा नमुना धरून अँकरच्या जागा मोकळ्या ठेवा, नाहीतर ड्रिल नेमका सळीवर अडकतो. निदान सात दिवस पाणी मारा आणि अँकर घट्ट करायला २८ दिवस थांबा. बसवणीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि घाई होते तीही इथेच.

छत किती उंच हवं?

हिशेब साधा आहे, पण एक गफलत होते. लिफ्टची उंची १.८५ मीटर लिहिलेली असते ती आर्मच्या टोकाला गाडीखाली टेकणाऱ्या पॅडची जमिनीपासूनची उंची. गाडीचा उचलण्याचा बिंदू मुळातच जमिनीपासून साधारण २० से.मी. वर असतो, म्हणजे गाडी प्रत्यक्षात १.६५ मीटर चढते. गाडी १.७० मीटर उंच असेल तर तिचं टप ३.३५ मीटरवर जाईल; वर १० से.मी. मोकळे धरले तर ३.४५ मीटर हवेत.

छत २.९ मीटरच असेल तर १.४५ मीटरची सेडान साधारण १.३५ मीटर उचलता येईल. स्टुलावर बसून तेल, ब्रेक, सस्पेन्शन ही कामं आरामात होतात, गिअरबॉक्स उतरवायला मात्र कसरत होते. अशा ठिकाणी वर लिमिट स्विच लावा, म्हणजे टप छताला भिडण्याआधी मोटर थांबेल.

फोर-पोस्टवर, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टवर एकावर एक दोन गाड्या लावायच्या असतील तर: खालची गाडी १.४५, मोकळी जागा ०.१०, रनवेची (चाकं ज्यांवर उभी राहतात त्या पट्ट्यांची) जाडी ०.१३, वरची गाडी १.४५, वर ०.१०, असे ३.२३ मीटर. लिफ्टला वर अडवून धरणाऱ्या लॉकच्या खाचा साधारण १० से.मी. अंतराने असल्यामुळे लिफ्ट एखादी पायरी वर थांबेल, तेही धरा. आणि टेप छताला लावून मोजू नका; दिवे, तुळई आणि गॅरेजच्या दाराचा ट्रॅक यांतलं जे सगळ्यात खाली असेल तिथपर्यंत मोजा. दार वर सरकणारं असेल तर बहुतेकदा ट्रॅक उंच करून, मोटर छताऐवजी दाराच्या बाजूला भिंतीवर घ्यावी लागते.

टू-पोस्ट, फोर-पोस्ट की सिझर?

चाकं काढायची कामं जास्त असतील तर टू-पोस्ट. चारही चाकं मोकळी लोंबतात आणि खालचा सगळा भाग हाताशी येतो. जमिनीची अट मात्र सगळ्यात कडक.

गाडी ठेवण्यासाठी जागा हवी असेल तर फोर-पोस्ट. भार चार खांबांवर सरळ खाली उतरतो, त्यामुळे स्लॅबवर ओढ येत नाही. ब्रेकचं काम करायला दोन रनवेंच्या मध्ये बसून चाकं उचलणारा ब्रिज जॅक वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुतेक जण विसरतात. तेल उतरवता येतं, पण रनवे आडवे येत असल्याने सस्पेन्शनचं काम चिकाटीचं होतं.

छत नेहमीच्या उंचीचं असेल तर मिड-रेंज सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारखी उघडणारी, मध्यम उंचीची. ती साधारण १.२ मीटर उचलते, खाली करून ठेवली तर जागा अडत नाही. पण तिची चौकट गाडीच्या पोटाखाली मध्येच येते, म्हणून एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्सची कामं अडतात. टायर, ब्रेक, डेंटिंग यांसाठी ठीक.

किती टनांची घ्यावी?

चार टनांच्या टू-पोस्टमध्ये प्रत्येक आर्मची मर्यादा एक टन असते, आणि खरा निकष तोच. इंजिन पुढे असलेल्या गाडीचं वजन पुढच्या बाजूला जास्त पडतं. समजा गाडी २४०० किलोची आणि ५८ टक्के भार पुढे, तर पुढच्या प्रत्येक आर्मवर सुमारे ७०० किलो येतात. चार टनी लिफ्टला हे सहज झेपतं. तीन टनांच्या पिकअपमध्ये ६० टक्के पुढे धरले तर आकडा ९०० होतो, आणि पुढे बंपर-विंच लावलं असेल तर मर्यादा जवळ येते. रिकाम्या गाडीचं वजन आरसी किंवा मॅन्युअलमधून घ्या. मागच्या डिकीतलं सामान त्या आकड्यात नसतं, ते आधी उतरवा.

असिमेट्रिक की सिमेट्रिक?

असिमेट्रिकमध्ये पुढचे आर्म आखूड, मागचे लांब, आणि खांब बहुधा थोडे वळवलेले असतात. गाडी मागे सरकून उभी राहते, त्यामुळे दार उघडताना खांबाला आपटत नाही. रोजच्या गाड्यांना हेच सोयीचं. लांब पिकअप आणि व्हॅनसाठी सिमेट्रिक बरी. काही मॉडेलमध्ये दोन्ही प्रकारे गाडी लावता येते. घरात वेगवेगळ्या आकाराच्या गाड्या असतील तर तीच बघा.

दोन खांब वरून जोडलेले चांगले की खालून?

वरून तुळई असेल तर जमीन सपाट राहते, ट्रान्समिशन जॅक (गिअरबॉक्स उतरवायचा) सरळ ढकलता येतो. पण तुळईची उंची साधारण ३.६ मीटर असते. खालून जोडलेल्या मॉडेलचे खांब २.८–२.९ मीटरचे असतात, म्हणून ठेंगण्या छताखाली तीच बसतात. मध्ये पत्र्याखालून केबल आणि नळी जाते, त्या उंचवट्यावर ट्रॉली अडखळते. तुळईवाली घेतलीत तर टपाला लागून मोटर बंद करणारा दांडा तिच्यासोबत आहे ना, ते बघा.

प्रमाणपत्र खरं आहे हे कसं ओळखायचं?

युरोपात ईएन १४९३ हे वाहन लिफ्टचं मानक आहे; उत्तर अमेरिकेत आन्सी/एएलआय एएलसीटीव्ही. ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट प्रमाणित मॉडेलची यादी जाहीर ठेवते, त्यात नेमका मॉडेल क्रमांक शोधा. ‘मानकानुसार बनवलेली’ आणि ‘प्रमाणित’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोटरवरचा शिक्का फक्त मोटरचा असतो, लिफ्टचा नाही.

जुनी लिफ्ट घेतली तर चालेल?

चालेल, पण मॉडेलची पाटी आणि मॅन्युअल नसेल तर नको. सुटे भाग अजून मिळतात का ते आधी विचारा. खांबावर किंवा आर्मवर नंतर केलेलं वेल्डिंग दिसलं, आर्म टोकाला खाली झुकलेला असेल, आर्म जागी धरणाऱ्या गिअरचे दात झिजले असतील, तर परत फिरा. स्क्रूवर चालणाऱ्या लिफ्टमध्ये मुख्य नट आणि त्याखालचा सेफ्टी नट यांतलं अंतर मोजा. ते कमी झालं म्हणजे मुख्य नट झिजला. वायर रोप आणि होज बदलायचं गृहीतच धरा. जुने अँकर पुन्हा वापरायचे नाहीत.

वीज कशी घ्यावी?

घरगुती लिफ्टची मोटर सहसा २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणारी, २.२ किलोवॅटच्या आसपास असते. तिला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग द्या. चालू होताना मोटर नेहमीच्या काही पट करंट ओढते, म्हणून साधा बी प्रकारचा एमसीबी विनाकारण पडतो; सी किंवा डी प्रकार लागतो. २५ अँपिअर आणि ४ चौ.मि.मी. तांब्याची तार हे अनेकदा पुरतं, तरी अंतर आणि मोटरच्या पाटीवरचा आकडा बघून इलेक्ट्रिशियनने ठरवावं. एक्स्टेन्शन बोर्डवर लिफ्ट चालवू नका. तारेत व्होल्टेज पडतं, मोटर गुणगुणते, तापते आणि कपॅसिटर जातो. कुलूप लावता येईल असा आयसोलेटरही (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बसवा. घरात मुलं असतील तर तो हवाच.

बसवणीचा क्रम काय?

टू-पोस्टचं वजन ६००–७०० किलोपर्यंत जातं. दोन माणसं, इंजिन क्रेन किंवा चेन ब्लॉक, रोटरी हॅमर, टॉर्क पाना, ओळंबा आणि लाइनदोरी एवढं हाताशी ठेवा. पॅकिंगची चौकट सोडताना वरचा खांब आधी बांधून घ्या; बोल्ट काढताच तो घसरतो.

आधी जमिनीवर मध्यरेषा मारा, तिला काटकोनात खांबांची रेषा. दोन्ही बेसप्लेटच्या खुणा केल्यावर कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. गाडीच्या पुढे-मागे जागा पुरते का हे याच वेळी गाडी उभी करून बघा, अँकर मारल्यावर नव्हे.

मोटर ज्या खांबावर बसते तो आधी उभा करा. बेसप्लेटच्या भोकांतूनच ड्रिल मारा, बिट अँकरच्या व्यासाचंच हवं. अनेक लिफ्टना १९ मि.मी.चे वेज अँकर (आवळताना भोकात फाकून रुतणारे) येतात. मॅन्युअल परवानगी देत असेल तर आरपार भोक पाडा. पुढे कधी लिफ्ट हलवली तर अँकर खाली ठोकून टाकता येतो. मग भोक ब्रशने घासा, हवा मारा, व्हॅक्यूम लावा. धूळ राहिली तर वेज काँक्रीटला धरत नाही. नट धाग्याच्या टोकाशी समपातळीत ठेवून अँकर ठोका, म्हणजे धागे चेपत नाहीत.

खांब दोन्ही दिशांनी ओळंब्यात आणा. फट पडेल तिथे पोलादी शिम (पातळ चकत्या) घाला, अँकरच्या अगदी लगत. शिमची मर्यादा बहुतेक ठिकाणी १२ मि.मी. असते, कारण जेवढी शिम वाढते तेवढा अँकर काँक्रीटमध्ये कमी जातो. लाकूड किंवा रबर घालू नका. शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा, १९ मि.मी.साठी तो मॉडेलप्रमाणे ११५ ते २०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. इम्पॅक्ट गनने आवळू नका.

मग दुसरा खांब, तुळई, समतोल केबल (दोन्ही बाजू सारख्या चढवणारी), होज (तेलाची नळी), लॉकची केबल, आर्म आणि सगळ्यात शेवटी वीज.

अँकर आवळताना नुसता फिरतच राहतो. काय करू?

तो अँकर गेला. भोक मोठं झालं असेल, धूळ राहिली असेल किंवा काँक्रीट भुसभुशीत असेल. एकच असा निघाला तर उत्पादकाला विचारून मान्य असलेला केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला) वापरता येतो. दोन-तीन फिरत असतील तर दोष काँक्रीटचा आहे, तिथे काँक्रीटचा पॅडच घालायला हवा. ‘बाकीचे घट्ट आहेत, चालेल’ हे चालत नाही.

तेल कोणतं आणि किती?

आयएसओ व्हीजी ३२ हायड्रॉलिक ऑइल, किंवा मॅन्युअलमध्ये असेल तर डेक्सरॉन-३ ट्रान्समिशन फ्लुइड. साधारण १० ते १४ लिटर. ब्रेक ऑइल कधीच नाही, त्याने सील फुगतात. तेल लिफ्ट पूर्ण खाली असताना भरा. वर असताना काठोकाठ भरलंत तर खाली आणताना टाकी वाहते. फ्लेअर जोडांना (नळीचं पसरट टोक आवळून बसवलेले जोड) टेफ्लॉन टेप लावू नका. त्याचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकला की लिफ्ट हळूहळू खाली बसू लागते आणि कारण सापडता सापडत नाही.

पहिली चाचणी कशी घ्यायची?

गाडीशिवाय तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली करा, हवा निघून जाते. दोन्ही खांबांचे लॉक एकाच वेळी ‘टक’ वाजले पाहिजेत. मागेपुढे वाजले तर समतोल केबलचा ताण सारखा करा. मग हलकी गाडी चढवून थोडीशी उचला, लॉकवर टेकवा आणि अँकर, जोड, होज तपासा. त्यानंतरच पूर्ण उंची. पहिल्या भारानंतर अँकरचा टॉर्क पुन्हा बघा, आठवड्याने आणखी एकदा.

गाडी नेमकी कुठे धरायची?

गाडीच्या मॅन्युअलमधल्या बिंदूंवरच. सिलच्या (दारांखालच्या पट्टीच्या) कडेला खाच असलेले पॅड लागतात, चेसिसवाल्या गाडीला उंची वाढवणारे अडॅप्टर. सिल गंजलेली असेल तर पॅड आत घुसतो. हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐका. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचा डबा पोटाखाली जवळपास कडेपर्यंत असतो, त्यावर पॅड आला तर फार महागात पडतं. तिच्या बिंदूंसाठी मिळणारे गोल पक (आधाराच्या चकत्या) वापरा. एअर सस्पेन्शन असेल तर उचलण्याआधी जॅक मोड चालू करा.

चाकं जमीन सोडतील एवढंच, १०–१५ से.मी. उचला, थांबा, बंपरला धरून हलवा. चारही पॅड नीट टेकले आहेत का ते वाकून बघा. शंका आली तर खाली आणून पुन्हा लावा.

इंजिन किंवा मागचा अ‍ॅक्सल काढला तर गाडी पडेल का?

पडू शकते. इंजिन उतरलं की वजन एकदम मागे जातं. जो भाग जड राहणार त्याच्याखाली, भाग सोडवण्यापूर्वीच उंच सपोर्ट स्टँड लावा. स्टँड फक्त टेकलेला हवा. त्याने गाडी आर्मवरून उचलली गेली तर तोच अपघाताला कारण होतो.

लॉकवर टेकवणं खरंच गरजेचं आहे का? हायड्रॉलिक तर धरून ठेवतं.

गाडीखाली जाण्याआधी प्रत्येक वेळी, पाच मिनिटांचं काम असलं तरी. हायड्रॉलिक उचलण्यासाठी आहे. धरून ठेवायला लोखंडी लॉक. होज फुटली किंवा सील गेलं तर लॉकच वाचवतो. खाली आणताना आधी थोडं वर घ्या, लॉक सोडा, मग लिव्हर दाबा.

नेहमीचे बिघाड कोणते?

मोटर गुणगुणते पण उचलत नाही: व्होल्टेज कमी किंवा कपॅसिटर गेलेला. झटके देत चढते: तेलात हवा, किंवा तेल कमी. एक बाजू मागे राहते: केबलचा ताण, किंवा कप्पी अडकलेली. आपोआप खाली बसते: लोअरिंग व्हॉल्व्हमध्ये कचरा. खाली येतच नाही: एका बाजूचा लॉक सुटलेला नाही. इथे लिव्हर दाबत राहू नका. एक बाजू अडकून दुसरी उतरली तर गाडी तिरपी होते. थोडं वर घ्या आणि दोन्ही लॉक डोळ्यांनी बघा.

देखभाल किती?

वापरण्याआधी आर्मचे लॉक, पॅड आणि गळती यांवर नजर. महिन्यातून एकदा स्लायडरच्या (आर्म घेऊन खांबात सरकणाऱ्या भागाच्या) वाटा पुसून ग्रीस, तीन महिन्यांनी अँकरचा टॉर्क. वायर रोपच्या तारा तुटलेल्या दिसल्या किंवा गंज चढला तर दुरुस्ती करायची नाही, जोडी बदला. तेल दुधाळ झालं म्हणजे पाणी शिरलंय, तेही बदला. वर्षातून एकदा जाणकार निरीक्षकाकडून तपासणी. गाडी धुण्याचं पाणी खांबाच्या तळाशी साचू देऊ नका, बेसप्लेट खालून गंजते आणि ते वर दिसायला वर्षं जातात.

फोर-पोस्ट चाकांवर ढकलून हलवता येते म्हणतात, मग अँकर कशाला?

रिकामी हलवता येते, गाडी चढवलेली नाही. नुसती गाडी ठेवायला अनेक मॉडेल अँकरशिवाय चालतात, पण वर जॅक लावून काम करणार असाल किंवा भूकंपप्रवण भागात असाल तर अँकर मारा. वरच्या गाडीखाली तेलाचे ट्रेही ठेवा, नाहीतर ठिबकणारं तेल खालच्या गाडीच्या रंगावर पडतं.